जबानीतली एक दुरुस्ती

हे लिहिताना मी कोणाचंही नाव घेणार नाही. ज्यांचं भलंबुरं या कागदावर अवलंबून होतं ती माणसं, एक सोडली तर, सगळी गेली. मी ज्या कचेरीत कारकून होतो तिचंही नाव नको, कारण चूक कचेरीची नव्हती, माझी होती. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कमी पावसाचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सव्वीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा मला फार गर्व. खेड्यातली माणसं काहीबाही बोलत आणि मी ते चांगल्या मराठीत उतरवून घेई. 'म्या गेलतो' म्हणाले की 'मी गेलो होतो'. 'त्येनं' म्हणाले की 'त्यांनी'. साहेब कौतुक करायचे. हे काम आपल्याइतकं नीट कोणाला जमत नाही असं मला वाटायचं.

आमच्या भागात तेव्हा 'मालक' हा शब्द दोन माणसांसाठी वापरला जाई. बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. आमचं मालक म्हणे. दुसरा मालक सगळ्या मुलखाचा मिळून एकच होता. तासगावच्या बाजूला त्याचे मालट्रक होते, नवी द्राक्षबाग होती, आणि खटाव-माणपासून पार कृष्णाकाठापर्यंत ओढ्याकाठच्या बाभळींत ज्या हातभट्ट्या पेटायच्या त्या त्याच्या होत्या. दारूबंदीचे दिवस होते. त्याच्या ट्रकला कोणी हात दाखवत नसे. कुस्त्यांच्या मैदानात पहिल्या खुर्चीवर तो बसे. शाळेच्या बक्षीस समारंभात ढाल त्याच्या हातून दिली जाई. ज्यांनी त्याच्या वाटेत पाय घातला त्यांतले दोघे विहिरीत सापडले, एक सापडलाच नाही. त्याचं नाव कोणी उच्चारत नसे. मालक आलं, मालक बसलं, मालक चिडलं. एस.टी.च्या हमालापासून खुर्चीवरच्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे असंच आदरानं बोलत.

आमच्या गावापासून चार कोसांवर मेंढरं राखणाऱ्या लोकांची एक वस्ती होती. तिथला एक गडी पलटणीत सात वर्षं काढून गुडघा दुखावल्यामुळं परत आला होता. पलटणीत कुस्त्या खेळलेला, अंगानं उंचापुरा, बोलायला कमी. त्याची बायको मात्र बोलकी. वस्तीखालच्या ओढ्यात भट्टी लागली आणि वस्तीवरचे बाप्ये दिवसाढवळ्या पडून राहू लागले, तेव्हा तिनं आठ-दहा बायका गोळा केल्या आणि रसायनाची मडकी फोडली. भट्टी पुन्हा लागली, पुन्हा फोडली. तिसऱ्या वेळी बाकीच्या बायकांना घरी येऊन दम भरला गेला. ती एकटी गेली.

त्या दिवशी भट्टीवर मालक स्वतः आला होता. एक बाई आपल्या भट्ट्या फोडते हे त्याला बघायचं होतं, असं नंतर लोक म्हणत.

तिच्या नवऱ्यानं तिला जाळातून ओढून काढलं. तो मेंढरांमागं होता, ओरडा ऐकून धावला. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. बैलगाडीतून त्यानं तिला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं; वाटेत ती शुद्धीवर नव्हती. दुपारी डॉक्टरांची चिठ्ठी कचेरीत आली: बाई शुद्धीवर आहे, फार वेळ नाही, जबानी घ्या. मामलेदारसाहेब आणि मी चालत गेलो. साहेब मुंबईत वाढलेले, आमच्याकडं येऊन तीन महिने झालेले. इकडची बोली त्यांना अर्धी कळायची.

तिला केळीच्या पानावर ठेवलं होतं. तोंड तेवढं वाचलं होतं. मी स्टुलावर बसलो, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद.

साहेबांनी नाव, गाव, माहेर विचारलं. तिनं सांगितलं. मग विचारलं, "तुला कोणी जाळलं?"

"मालकानं ढकललं," ती म्हणाली. "जाळात."

थोडं थांबून, मान वळवायचा प्रयत्न करून ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आमचं मालक भाईर हाईत न्हवं? त्येंच्या हाताला कोरफड लावा कुनीतरी. त्ये सोताहून मागायचं न्हाईत."

"काय म्हणते?" साहेबांनी मला विचारलं.

"नवरा बाहेर आहे का, विचारते."

"मालक म्हणजे नवरा का इकडे?"

"होय साहेब. इकडे नवऱ्याला मालक म्हणतात."

हे खरंच होतं. खोटं मी काहीच बोललो नाही. आणि कागदावर लिहिलं: 'मला माझ्या मालकांनी जाळात ढकलले.'

ती म्हणाली होती 'मालकानं'. मी 'मालकांनी' केलं, कारण नवऱ्याबद्दल एकेरी लिहिणं बरं दिसत नाही. 'माझ्या' हा शब्द तिचा नव्हताच. वाक्य पुरं वाटावं म्हणून मी घातला. कोरफडीचं लिहिलंच नाही. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

साहेब पुढं काही विचारणार तोवर तिचे डोळे मिटले. तिच्या हाताचे ठसे घेण्यासारखे नव्हते, म्हणून डाव्या पायाच्या अंगठ्याला शाई लावून कागदावर ठसा घेतला. साहेबांची सही, डॉक्टरांची सही. तासाभरात ती गेली.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती घाईतली चूक होती. तसं नाही, हे आता लिहितो. मी याच मातीतला. माझ्या आईनं वडलांबद्दल जन्मात एकेरी शब्द काढला नाही. वडील आईला मारायचे तेव्हासुद्धा 'त्येंनी मारलं' असंच ती म्हणायची. आमच्याकडची बाई नवऱ्याला जाळात ढकलल्याचा दोष देईल, पण 'मालकानं' म्हणणार नाही. दोन वाक्यं तिनं एकामागोमाग उच्चारली. एकात तो, एकात ते. साहेबांच्या कानाला ते कळणं शक्य नव्हतं. माझ्या कानाला ते तिथंच, स्टुलावर बसल्या बसल्या कळलं होतं. आख्ख्या मुलखानं ज्याला आदरानं बोलायचं त्याला ती एकटी एकेरीत बोलली. ते कळलं आणि हात शुद्ध करत पुढं गेला. हाताला तशी सवय होती.

तरीसुद्धा संध्याकाळपर्यंत वेळ होता. कागद माझ्याच कपाटात होता. साहेबांना जाऊन सांगता आलं असतं की शेरा मारू, खुलासा जोडू. कचेरी सुटायच्या वेळी फौजदार आले. जबानी वाचली, दोनदा वाचली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झ्याक लिवलंईस गड्या. एका शब्दाला हात लावू नको आता." दोन दिवसांनी घरी द्राक्षांची एक पाटी आली. कोणी पाठवली ते आणणाऱ्यानं सांगितलं नाही. आमच्याकडं तेव्हा द्राक्षं म्हणजे नवलाई होती. आईनं शेजारी वाटली. मी पाटी परत पाठवली नाही.

पोलीस ओढ्यावर गेले तेव्हा तिथं नुसती सारवलेली जागा होती. नवऱ्याला धरलं. त्याचे भाजलेले हात त्याच्याच विरुद्ध पुरावा झाले. वस्तीवरच्या बायकांनी काहीच पाहिलं नसल्याचं सांगितलं. बाईच्या भावानं तिची तीन वर्षांची मुलगी उचलून आपल्या गावी नेली आणि भाचीच्या बापाचं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं.

साताऱ्याला खटला चालला. मलाही साक्षीला बोलावलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "हे शब्द बाईचेच का?" मी शपथेवर होतो. म्हणालो, "होय. शब्दशः." तो पिंजऱ्यातून माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. एखादा बहिरा माणूस बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघतो तसा.

तो सुटला. ज्यानं स्वतः गाडी जुंपून बायकोला दवाखान्यात आणलं, त्यानंच तिला जाळलं हे जज्जसाहेबांना पटलं नाही. पण जबानी तर त्याच्या नावावर बोट ठेवत होती. मग तिचं काय करायचं? निकालात लिहिलं गेलं की बाईची जबानी विश्वास ठेवण्याजोगी नाही. तो सुटला ही गोष्ट धरून मी काही महिने बरा झोपलो. त्या ओळीचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता.

सुटल्यावर पंधरा दिवसांत तो कचेरीसमोरच्या हॉटेलात येऊन बसला. मी चहाला गेलो तसा उठून उभा राहिला.

"आवं कारकूनसायेब, एक इचारायचं हाय."

"विचारा."

"ती काय बोलली? कागदातलं नगं. तिच्या तोंडचं सांगा."

"लिहिलंय तेच बोलली."

"माजं नाव घेतलं तिनं?"

"नाव कसं घेईल? मालक म्हणाली."

तो म्हणाला, "भांडान न्हवतं आमचं. येक डाव सोडलं तर कवा भांडान न्हवतं." आणि निघून गेला. चहा तसाच राहिला त्याचा. ते एक भांडण कशावरून झालं होतं हे तो पुढची दोन वर्षं मनात उकरत बसला असणार, हे आज मला कळतं.

दोनेक वर्षांनी माझी बदली तासगावला झाली. तिथं गेल्यावर आठ दिवसांत ऐकलं की मेंढपाळ वस्तीवरचा तो पलटणीतला गडी मालकाकडं कामाला आहे. मला खरं वाटेना. हॉटेलात लोक हसून सांगत: रोज सकाळी मालकांचं अंग रगडतो. तालमीतला आहे, हात चांगला आहे. ज्याची बायको मेली तोच मालिश करतो म्हटल्यावर मालकांकडं कोण बोट दाखवणार? मालकानं त्याला मुद्दाम ठेवून घेतलं होतं. असा दाखला कोर्टातूनसुद्धा मिळाला नसता.

एका सकाळी जमिनीच्या कुठल्याशा उताऱ्यावर सही घ्यायला मला मालकाच्या वाड्यावर जावं लागलं. अंगणात लाकडी पाटावर मालक उघडा, पालथा पडला होता. पन्नाशीचा, मानेला वळ्या. त्याच्या पाठीवर गुडघा टेकून तो गडी तेल जिरवत होता. भाजलेल्या हातांची कातडी गुलाबी, चकचकीत, तेलानं आणखी चकचकीत. बाजूला दोन माणसं पानं लावत बसली होती.

मालकानं मान न उचलताच विचारलं, "कोन हाय?"

"नवं कारकून हाईत," एकानं सांगितलं. "तिकडनं बदलून आल्यालं."

"आरं, ह्यो त्यो अक्षरवाला!" मालक हसला. त्याच्या पाठीबरोबर त्या गड्याचे हात हलले. "बघ रं पैलवाना, तुज्या बायकूचं ह्येनंच लिवून घेतलं. इचारलंस का कवा, काय म्हनली हुती?"

"इचारलंय जी," गडी म्हणाला.

"मग आज परत इचार. माज्याम्होरं इचार. कारकून काय खोटं बोलतोय व्हय? सरकारचा मानूस हाय."

पानवाल्यांचे हात थांबले. गड्याचे दोन्ही अंगठे मालकाच्या मानेच्या खळग्यात होते. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"काय बोलली ओ ती?"

"लिहिलंय तसंच," मी म्हणालो.

"ऐकलंस?" मालक म्हणाला. "आता कानाखाली रगड जरा. तितं लय दुखतंय."

सही घेतली. एस.टी. स्टँडपर्यंत आलो तर मागून तोच आला, तेलाचे हात तसेच. माणसांनी भरलेला स्टँड, उन्हं वर आलेली, कोणीतरी द्राक्षाच्या पेट्या टपावर चढवत होतं. आम्ही कडेच्या लिंबाखाली उभे राहिलो.

"दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "रोज सकाळी त्येची मान माज्या हातात असती. पलटनीत शिकलोय, मान कशी मोडायची. एवडा येळ लागतोय." त्यानं चुटकी वाजवली. तेलामुळं आवाज झाला नाही. "त्येनंच मारलंय ह्ये मला ठावं हाय. त्या दिशी त्येची जीप मी बघितल्याली. पर मग ती मला का म्हनली? मरताना मानूस उगं बोलत न्हाई. माजी काय चूक झाली आसंल म्हनून ती तसं बोलली? तुमच्या कागदानं हात धरलाय माजा. न्हाईतर कवाच..."

त्याला सांगायचं धाडस मला कसं झालं ते ठाऊक नाही. धाडस नव्हतंच कदाचित. अंगणात मालकासमोर खोटं बोललो त्याची लाज अजून ताजी होती, एवढंच. मी म्हणालो, "ती 'मालकानं' म्हणाली. एकेरीत. 'मालकांनी' मी लिहिलं. 'माझ्या' पण मीच घातलं."

त्याला लगेच कळलं. ज्याला समजावून सांगावं लागलं नाही असा तो एकच माणूस मला भेटला.

"एकेरीत?"

"एकेरीत. आणि तुमच्याबद्दल पुढं म्हणाली, आमचं मालक बाहेर आहेत ना..."

"तसं नगं. तिच्यावानी म्हना."

मी म्हटलं. जसं ऐकलं होतं तसं, एक अक्षर न बदलता. आमचं मालक भाईर हाईत न्हवं? त्येंच्या हाताला कोरफड लावा कुनीतरी. त्ये सोताहून मागायचं न्हाईत.

तो खाली बसला. उकिडवा, दोन्ही हात समोर धरून. रडला नाही. मग म्हणाला, "पुन्यांदा म्हना." मी पुन्हा म्हटलं. माझी गाडी लागली, भरली, निघून गेली.

मला वाटलं, आता हा सरळ वाड्यावर जाईल आणि काम उरकून येईल. मी म्हणालो, "हे बघा, डोकं शांत ठेवा."

"शांतच हाय," तो म्हणाला. "आता कागुद करा."

"कसला कागद?"

"तुमी लिवलं त्ये चुकलं म्हनून. सातारला माजा वकील हाय, त्येच्याम्होरं सही करा. कोर्टात घालू त्यो."

"तुम्ही सुटलाय की."

"मी सुटलोय व्हय," तो म्हणाला. "तिला न्हाई सोडली. निकालात लिवलंय, तिच्यावर इस्वास ठेवन्याजोगा न्हाई म्हनून. वकिलानं वाचून दावलं मला. मरताना खरं बोलली आन् सरकारदरबारी खोटारडी ठरली. त्येवडं पुसून द्या. मग त्या मालकाचं सरकार बघंल, न्हाईतर देव बघंल. मी माजी मेंढरं बघीन."

एवढंच त्याचं मागणं होतं. दोन वर्षं ज्याची मान रोज हातात घेतली त्याला सोडून द्यायला तो तयार होता. त्याबदल्यात त्याला माझ्याकडून अर्ध्या पानाचा कबुलीजबाब हवा होता. हे मी जाणूनबुजून ठळक लिहितो आहे. नंतर जे झालं त्याला लोकांनी सूड म्हटलं. सूड त्याच्या मनात पहिल्यापासून होता हे खरं, पण त्या सकाळी लिंबाखाली तो त्यानं खाली ठेवला होता. तो परत उचलायला मी लावला.

मी म्हणालो, "सोमवारी येतो. साताऱ्याला. वकिलाकडं."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं हात जोडले. मग तेलाचे हात लक्षात येऊन धोतराला पुसले आणि परत जोडले.

सोमवारी मी रजेचा अर्ज लिहिला होता. अर्ज टेबलावर ठेवून तासभर बघत बसलो. शपथेवर खोटं बोलल्याची शिक्षा काय हे मी पुस्तकात काढून वाचलं होतं. नोकरी जाणार. मालकाची माणसं घर शोधत येणार. बायकोला सातवा महिना होता. ही सगळी कारणं खरी होती. खरी कारणं किती सोयीची असतात हे त्या तासात समजलं. अर्ज फाडला. तो साताऱ्यात वकिलाच्या दारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिला, हे पुढं वकिलाच्या कारकुनानं मला सांगितलं. मधे एकदा विचारायला उठला होता, तासगावची गाडी अजून कोणती यायची आहे का.

मंगळवारी तो परत आला. कचेरीत आला नाही. मी दिवसभर दाराकडं बघत होतो. आला असता तर काहीतरी सांगून आणखी आठ दिवस मागितले असते. ते वाक्यसुद्धा तयार होतं.

बुधवारी सकाळी नेहमीच्या वेळी तो मालकाच्या अंगणात गेला. पाट मांडला, तेल कोमट केलं. पानवाले तिथंच बसले होते. त्यांना वाटलं, मालक झोपले. मालकाला मालिश करून घेताना डोळा लागायची सवय होती. गडी उठला, हात धुतले, पंचा मालकाच्या अंगावर घातला आणि चालत ठाण्यावर जाऊन म्हणाला, "मानूस मारलाय. बसू का हितं?"

गावात दोन दिवस दुकानं बंद होती. पुढारी आले, हार आले. मालकाची मिरवणूक माझ्या खोलीखालून गेली. मी खिडकी लावून घेतली.

दुसरा खटला लांबला नाही. त्यानं सगळं कबूल केलं. सरकारी वकिलानं पहिल्या खटल्याचे कागद आणवले आणि माझ्या अक्षरातली ती जबानी वाचून दाखवली. याच माणसानं आधी बायको जाळली आहे, नशिबानं सुटला आहे. मी मागच्या बाकावर बसलो होतो. कोणी बोलावलं नव्हतं, माझा मीच गेलो होतो. उठून उभं राहायचं आणि दोन वाक्यं बोलायची, असं ठरवून गेलो होतो. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, काही सांगायचं आहे का? तो म्हणाला, "माजं काय न्हाई. तिचं लिवल्यालं चुकलंय. ज्येनं लिवलं त्येला ठावं हाय." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी तिथं आहे हे त्याला ठाऊक होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. न्यायाधीशांनी त्याच्या बोलण्याचा सारांश लेखनिकाला सांगितला: आरोपीला काही सांगायचे नाही. लेखनिक माझ्याच वयाचा होता. त्याचं अक्षर चांगलं असावं.

जन्मठेप झाली. चौथ्या वर्षी तुरुंगात काविळीनं गेला. प्रेत न्यायला कोणी आलं नाही असं ऐकलं.

मी निवृत्त झालो तेव्हा हार घालून फोटो काढला गेला. मुलं शिकली, नातवंडं झाली. बायको गेली तेव्हासुद्धा तिला सांगितलं नव्हतं. मालकाची पुढची पिढी पुण्याला गेली, बाग विकली, आता तिथं बेदाण्याची शेड आहे. मला विचारणारं कोणी उरलं नाही. वय शहाऐंशी झालं तेव्हा ध्यानात आलं की विचारणारं एक माणूस असू शकतं. बाईच्या भावाचं गाव, तिचं माहेर, जबानीच्या कागदावर मीच लिहिलं होतं. जावयाला म्हटलं, वडूजच्या बाजूला एक काम आहे, नेऊन सोड.

मुलगी सापडली. मुलगी म्हणजे आता साठी ओलांडलेली बाई, नाकीडोळी आईसारखी. मामाच्या घरीच वाढली, लांबच्या गावात दिली, विधवा झाल्यावर मुलाला घेऊन मामाच्या गावी परतली. दारात वाळत टाकलेल्या मटकीवरची कोंबडी हाकलत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं घोंगडं अंथरलं. मी सगळं सांगितलं, ज्या क्रमानं इथं लिहिलं आहे त्याच क्रमानं. लिंबाखालचं सांगितलं, सोमवारचंही सांगितलं. कोंबडी परत आली तरी तिनं हाकलली नाही.

मग म्हणाली, "मामा जेवताना म्हनायचा, तुज्या बापानं आईला पेटीवली, तुजं ताट बाजूला घे. लग्नात न्हवऱ्याला कुनी सांगितलं न्हवतं. त्येला कळलं तवा दोन वर्सं बोलला न्हाई माज्याशी. म्हनला, चुलीजवळ तुला भ्या वाटत न्हाई का?" ती थोडं हसली. ते हसू बघवत नव्हतं. "आन् तुमी आता आलाय."

"होय," मी म्हणालो.

"साट वर्सं?"

"साठ वर्षं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली, तांब्या घेऊन आली, माझ्यापुढं ठेवला. स्वतः उंबऱ्यावर बसली.

"त्ये किती येळा भेटलं तुमाला?"

"बोलणं असं तीनदा झालं."

"माज्याबद्दल कवा काय बोललं का?"

मी आठवून पाहिलं. आठवायची खरं तर गरज नव्हती. त्या माणसाचा शब्द न् शब्द माझ्याकडं आहे. हॉटेलात, अंगणात, लिंबाखाली, तिन्ही ठिकाणी तो तिच्या आईबद्दलच बोलला. ही माझ्याकडं बघत होती, तोंड किंचित उघडं. एक वाक्य पुरलं असतं. 'पोरीला बघायला जायचंय म्हणाले होते.' तसं त्याच्या मनात असणारच, कुठल्या बापाच्या नसतं? ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आणि त्याच्या बोलीत तयार होतं.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत."

तिनं पदरानं तोंड पुसलं. रस्त्याकडं बघत बसली. जावयानं गाडीचा भोंगा वाजवला तरी ती उठली नाही, मीही नाही.

"समदं लिवून द्या मला," ती शेवटी म्हणाली. "माजी सून वाचून दावंल. मामाच्या पोरास्नी पन वाचून दावायचं हाय. आन् माज्याबद्दल काय बोललं न्हाईत, त्येबी लिवा त्यात."

लिहिलं आहे.